सायकलला ओंगण

५ जानेवारी १९८३, बुधवार

यांच्या राईस मिलमधून ही डायरी मिळाली. आत धानाचे भाव लिहायला रकाने आहेत, त्यात आता माझं डोकं ओतणार आहे मी. हे म्हणाले, तुझा राग हिच्यात लिहीत जा, म्हणजे माझ्या वाट्याला कमी येईल. वा रे वा! तुमसरला राहून पंधरा दिवसांनी एका रविवारी घरी येणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतो तरी किती? सगळा इथेच, अड्याळला खपतो. घरात दोघीच आम्ही, मी आणि मामी. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, गोदावरीबाई.

आज सायकलची चेन तीनदा पडली. माझी शाळा कोंढ्यापलीकडच्या टोलीवर, म्हणजे लहानशा वस्तीवर. सायकलनं पाऊण तास, पायी दोन तास, आणि एसटी येते अकराला, म्हणजे ती असून नसून सारखी. सायकल जुनी, लेडीज. गावच्या नर्सबाईची बदली झाली तेव्हा दोन वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेली. दिवाळीपासून तिची चेन अशी बिघडलीय की विचारू नका. पदर खोचून, काडीनं चेन चढवून, हात मातीला पुसत पोचले तर केशवराव गुरुजी, आमचे हेडमास्तर, हजेरीबुकात माझ्या नावापुढे लाल शाईनं वेळ लिहून मोकळे.

ही दुसरी लाल खूण. मला नोकरीत कायम करायचा कागद गुरुजींनी फेब्रुवारीत पाठवायचा आहे आणि त्यात 'वेळेवर येतात' असं लिहावं लागतं. तिसरी खूण झाली तर मला ते लिहिता येणार नाही बाई, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. माणूस वाईट नाही, घड्याळाचा आहे. कागद गेला नाही तर एप्रिलमध्ये माझी ऑर्डर संपली. मग चूल, मामी आणि मी.

घरी येऊन मामींना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग सोडून दे ना बाप्पा. कायले जीव काढून राहिली?" महिन्याभरात हे तिसऱ्यांदा.

९ जानेवारी, रविवार

सकाळी मामींनी ओंगण केलं. आमच्याकडे बैलगाडीच्या आसाला लावायचं वंगण घरीच होतं. धानाची तणस जाळायची, ती काळी राख वस्त्रगाळ करायची आणि जवसाच्या तेलात खलायची. मामींसारखं ओंगण गावात कोणाचं नाही म्हणतात, आणि ते खरं आहे. बोटावर घेऊन पाहतात, पुन्हा खलतात, पुन्हा पाहतात. लेकराला लावायचं असावं इतक्या मायेनं. सालदार डोमा येऊन गाडीपुरतं घेऊन गेला. उरलेलं मामींनी करवंटीत काढून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलं. ओंगणाला एवढं तेल, आणि भाजीत मात्र तेलाचा थेंब शोधावा लागतो! घरचं जवस, घाण्यावरचं तेल, तरी हात इतका आखडता कशाला ते मला दोन वर्षांत कळलं नाही.

दुपारी बाजारात भय्याजींच्या दुकानावर सायकल नेली. त्यांनी पुढच्या मोठ्या दात्यांच्या चकतीवरची चेन दोन बोटांनी ओढली तर ती चांगली करंगळीभर वर आली. म्हणाले, हे पाहा, चेन ताणून लांब झाली. मग चकतीचे दाते दाखवले, एका बाजूनं खाऊन खुरप्याच्या टोकासारखे वाकलेले. मागच्या चाकावरच्या दातेरी फ्रीव्हीलची तीच गत. तिन्ही एकमेकींच्या संगतीनं झिजल्या, तिन्ही एकदम बदला. पण दुकानात चेन तेवढी होती. बाकीचं भंडाऱ्याहून आणावं लागणार, आणि ते पुढच्या सोमवारी जाणार.

पुढचा सोमवार? तोवर मी काय उडत जाऊ? म्हटलं, चेन तर टाका, बाकीचं पुढे पाहू. ते म्हणाले, "माझं ऐकान तर थांबा बाई. घाई नका करू." मी ऐकत नसते. चेन टाकून घेतली.

११ जानेवारी, मंगळवार

नवी चेन जुनीहून वाईट! सपाट रस्त्यावर गुणी मुलीसारखी चालली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढ लागला, जोर दिला, की खटकन दात्यावरून उडाली. पायडल मोकळं फिरलं आणि माझा गुडघा हँडलवर. पुन्हा जोर, पुन्हा खटक. पाळ पायीच चढले. नशीब की गुरुजी आज मीटिंगला पवनीला गेले होते.

परतताना भय्याजींशी भांडले. ते हसले फक्त. म्हणाले, नवी चेन जुन्या दात्यांत रुळत नाही, नवी सून जुन्या घरात रुळत नाही तशी. दुकानात बसलेले दोघे खिदळले. मला काडीचं हसू आलं नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. आज आमच्या घरी हळदीकुंकू होतं. शाळा सुटून, चढावर पायी, उतारावर सायकलवर असं करत सव्वासहाला पोचले तर अंगणभर बायका ताटकळत बसलेल्या. एकीलाही तिळगूळ दिलेला नाही, वाण वाटलेलं नाही. शेजारच्या रुखमानं सांगितलं की मामींचा हुकूम होता, चंद्रकांता आल्याबिगर कोणी ताटाले हात लावाचा नाही. म्हणजे मी किती उशिरा येते ते साऱ्या आळीला दिसावं! त्यात वर, "आमची मास्तरीन आली आता, घ्या," असं मोठ्यानं. पुष्पाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाण म्हणून मामींनी सगळ्यांना हळदीकुंकवाच्या डब्या दिल्या. मला उलनचे हातमोजे दिले. म्हणाल्या, हँडल थंडं लागत असंल. उरलेले दिसतात कुठूनतरी आणलेले. पण गरम आहेत.

१५ जानेवारी, शनिवार

झालं. शनिवारची सकाळची शाळा, साडेसातची. अंधारातच निघाले. पाळीच्या अलीकडे चेन जी उडाली ती फ्रीव्हील आणि चाकाच्या मध्ये जाऊन अडकली. निघेना. हातमोजे काढून नखं तुटेस्तोवर ओढली. तिथून पायी. पोचले तेव्हा प्रार्थना होऊन पहिला तास संपत आला होता.

गुरुजींनी पेन लाल दौतीत बुडवताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. मी मुलांना चित्र काढायला लावलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

मला शिकवायला आवडतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की लोक पगाराचं विचारतात. पण मला खरंच आवडतं.

१८ जानेवारी, मंगळवार

आज जे कळलं ते नीट क्रमानं लिहिते.

भय्याजींनी भंडाऱ्याहून चकती आणि फ्रीव्हील आणलं. संध्याकाळी मी समोरच बसले होते. त्यांनी हातोडीनं ठोकून पायडलाची खुंटी काढली, जुनी चकती सोडवली. मग फ्रीव्हील शिकंज्यात धरून आख्खं चाकच गरकन फिरवलं तेव्हा ते सुटलं. फ्रीव्हील उलटं केलं आणि ते थांबले. आत काळा कुट्ट चिकट थर. बोटावर घेऊन चोळला, नाकाला लावला. मग परवाची ती नवी चेन पाहिली. आठ दिवसांची चेन, तिच्यातही तेच.

"बाई, हे त गाडीचं ओंगण आहे. जवसाचं तेल चिकटते अन् राख रेतीसारखी कापते. दोन वर्षं हे घालाल त लोखंड पीठ होईल. कोणं घातलं?"

कोण घालणार? सायकल कुठे असते? गोठ्याच्या पडवीत. करवंटी कुठे असते? गोठ्याच्या कोनाड्यात. "सोडून दे नोकरी" कोण म्हणतं? भय्याजींनी तिन्ही वस्तू नव्या बसवल्या, शिवणाच्या मशिनीचं पातळ तेल दोन-दोन थेंब सोडलं. येताना सायकल लोण्यासारखी आली. आणि मी रडत आले.

१९ जानेवारी, बुधवार

बोलले. मामी सुपात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मामी, तुम्हाला माझी नोकरी नको होती तर तोंडावर सांगायचं होतं. सायकलमध्ये राख कालवायची काय गरज होती?"

त्यांचं सूप थांबलं. मग विचारलं, "राखीनं खराब होते?"

मी म्हटलं, तुम्हाला माहीत नाही?

"गाडी त चालते," म्हणाल्या.

काय तो भोळेपणा! नवऱ्यामागे आठ एकर धानाची शेती एकटीनं ओढणारी बाई, अन् हिला गाडी आणि सायकल यातला फरक कळत नाही? माझ्या तोंडून निघून गेलं की माझी तिसरी लाल खूण तुमच्यामुळे झाली आणि आता माझी नोकरी जाणार, तुमच्या मनासारखं झालं. त्या सूप घेऊन आत गेल्या. जेवायला आल्या नाहीत.

रात्रीच यांना पत्र लिहिलं. कोंढ्याला खोली पाहा. मी या घरात राहत नाही.

२४ जानेवारी, सोमवार

पाच दिवस झाले, मामी माझ्याशी कामापुरतंच बोलतात. भाजीत मात्र आता तेल पोहतंय! आज वांग्याच्या भाजीवर तर बोटभर तवंग. लाच देताय का मला, असं जिभेवर आलं होतं, गिळलं.

पूर्वी पहाटे मी उठायच्या आधी गोठ्याचं कवाड वाजायचं. आता वाजत नाही. मामी उठतात तेव्हाच, पण चुलीपुढे हात शेकत बसून राहतात.

सायकल फार छान चालते. तलावाची पाळ न उतरता चढते. आठवडाभर रोज गुरुजींच्या आधी शाळेत. आता काय उपयोग?

३० जानेवारी, रविवार

हे आले. कोंढ्याला खोली मिळाली, पुढच्या आठवड्यात जाता येईल. बिचारे तोंड पाडून सांगत होते. ते आईच्या पुढेही बोलत नाहीत आणि माझ्याही. मला एवढंच म्हणाले, तू नीट विचारलंस ना तिला? मी म्हटलं, विचारायचं काय राहिलं?

जेवताना त्यांनीच मामींना खोलीचं सांगितलं. मला वाटलं आकांत होईल. मामी म्हणाल्या, "जाऊ दे तिले. शाळा जवळ येईल. थंडीत एवढ्या दूर जाचं नाही लागणार."

एका शब्दानं राहा म्हणाल्या नाहीत. किती घाई झालीय मला काढायची! मी ताटावरून उठून हात धुतले. दूध, गुळाचा खडा आणि दोन पोळ्या मामींनी झाकून ठेवल्या होत्या, त्या नंतर खाल्ल्या. भूक काय रागाचं ऐकते?

२ फेब्रुवारी, बुधवार

कुठून सुरुवात करू?

शाळेतून येताना हवा भरायला भय्याजींकडे थांबले. पंप मारता मारता म्हणाले, तुमची सासू येऊन गेली मागच्या आठवड्यात. मला वाटलं भांडायला. तर नाही. मामी दुकानापुढे उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, माझ्या सुनेच्या गाडीत काय खराब झालं ते दाखव. भय्याजींनी माझी जुनी चेन, जुनी चकती दोन्ही काढून दिल्या. मामींनी तो काळा लेप बोटांत चोळून पाहिला, वाकलेल्या दात्यांवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "म्हणजे दोन वर्षं तिची गाडी मीच खाल्ली म्हणाचं?"

भय्याजी म्हणाले, काकू, चांगल्यासाठीच घातलं ना तुम्ही. तेव्हा मामी जे बोलल्या ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "माझ्या ईश्वरचा बाप दूर जाचा तवा त्याच्या गाडीले मी दुसऱ्याचा हात नाही लागू देत होती. आता हीच एकटी जाते दूर. रोज जाते. कोरडी कशी सोडू?"

रोज पहाटे. मी उठायच्या आधी. भाजीतलं तेल राखून.

मी बाकावर बसले. भय्याजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि उगाच एका ट्यूबकडे पाहत राहिले. पुढे म्हणाले, मी त्यांना मशिनीच्या तेलाची कुप्पी देत होतो, हे घाला म्हटलं. त्यांनी हातात घेतली आणि परत ठेवली. "नको. तिच्या गाडीले आता मी हात नाही लावत."

मी काय बोलले होते त्या दिवशी! आणि तिसरी खूण त्यांची नव्हतीच. थांबा म्हटलेलं मी ऐकलं नाही म्हणून चेन उडाली. माझ्या घाईची खूण मी त्यांच्या माथी मारली. मास्तरीण ना मी? एक साधा प्रश्न त्यांना विचारता आला नाही मला, काहून घातलं म्हणून. शाळेत पोरांना दिवसभर विचारते, इथे जीभ झडली होती.

घरी आले, ठरवून आले की पाय धरायचे. मामी भाकरी थापत होत्या. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर मीठ संपलं का. मामी म्हणाल्या, नाही, आहे.

३ फेब्रुवारी, गुरुवार

यांना कार्ड टाकलं. खोली नको. कारण भेटीत सांगते.

मामींना आजही सांगता आलं नाही. रागात कसे शब्द पटापटा येतात. चुकलं म्हणायला एक येत नाही.

५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारची लिहितेय, आत्ताच आले.

सकाळची शाळा. शेवटचा तास, मी तेराचा पाढा म्हणून घेत होते. पोरं एकदम गप्प झाली म्हणून वळले तर दारात मामी. डोक्यावरून पदर, हातात चपला, गुडघ्यापर्यंत धूळ. माझ्या मागोमाग घरून निघालेल्या आणि दोन तासांवर वाट चालून आलेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. सरळ त्याच खोलीत कोपऱ्यात असलेल्या गुरुजींच्या टेबलापाशी गेल्या. गुरुजी उभे राहिले.

"गुरुजी, हिचा उशीर माझ्यानं झाला. मी अडाणी बाई, हिच्या सायकलले गाडीचं ओंगण घातलं, दोन वर्षं. ते लाल शाई माझ्या नावानं लिवा. हिची नोकरी नका काढू."

या बाईनं आजवर कोणापुढे मान वाकवलेली मी पाहिली नाही. शेताच्या भांडणात तलाठ्याला उंबऱ्यावरून परत पाठवलेली ही बाई. आणि चाळीस पोरांच्या पुढे स्वतःला अडाणी म्हणते, माझ्यासाठी.

मी खडू टाकून धावले. म्हटलं, "गुरुजी, यांचं ऐकू नका. तिसरा उशीर माझा आहे. दुकानदार थांबा म्हणत होता, मी थांबले नाही."

"तू गप," मामी म्हणाल्या. "मी बोलून राहिली ना."

"तुम्हीच गप बसा मामी, तुम्हाला ठाऊक नाही काही."

"मले सगळं ठाऊक आहे."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मामींना विचारलं, कशानं आल्या? मामी म्हणाल्या, पायानं. मग गुरुजींनी हजेरीबुक ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात तिन्ही लाल खुणांपुढे निळ्या शाईनं लिहिलं, 'सायकल नादुरुस्त होती. दुरुस्त केली. तेव्हापासून रोज वेळेआधी हजर.' खाली सही. म्हणाले, उशिराचं कारण सांगायला सासू आलेली नोकरीत पहिल्यांदा पाहिली. कागद सोमवारी जाईल, 'वेळेवर येतात' असं लिहूनच जाईल.

मामींना खरं वाटेना. एवढ्यानं होते का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

शाळा सुटल्यावर मी कॅरिअरवर माझी शाल घडी करून टाकली आणि म्हटलं, बसा. त्या आयुष्यात सायकलवर बसलेल्या नाहीत. नको नको म्हणत होत्या, त्या दात्यायले दोघींचा भार नाही झेपाचा, मी पायीच येतो. मी म्हटलं, मामी, दाते नवे आहेत, बसा चुपचाप. बसल्या. आधी नुसत्या शाल धरून. कोंढा मागे पडल्यावर माझ्या कमरेला हात घातला.

तलावाची पाळ आली. मी पायडलावर उभी राहून जोर दिला. मामींचा श्वास थांबलेला मला पाठीला कळत होता. चेन करकरली नाही, उडाली नाही, दोघींना घेऊन वर गेली. वर पोचल्यावर धाप लागली होती तरी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "मामी, मी तुम्हाला फार वाईट बोलले. माझं चुकलं."

"समोर पाह्य," त्या म्हणाल्या. "गड्डा आहे."

पण हात घट्ट झाला कमरेभोवतीचा. मी रडत होते आणि सायकल चालवत होते, आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

अड्याळ जवळ आलं तेव्हा मी सायकल शेताकडच्या आडवाटेला वळवली. भरदुपारी बाजारातून सासू सुनेच्या कॅरिअरवर बसून चालली असं दिसलं तर महिनाभर लोकांना हसायला पुरेल, मामींना ते आवडायचं नाही. वळले तोच मागून पाठीवर थाप पडली.

"इकडून कायले? बजारातून ने."

मी हँडल फिरवलं.